आईंसाठी घेतलेला त्रेचाळीस इंची टीव्ही: मार्च ते नोव्हेंबर २०२५

ज्यांना रिफ्रेश रेट आणि एचडीआर बघून टीव्ही घ्यायचाय त्यांनी दुसरीकडे बघा, मला त्यातलं काही कळत नाही. घरात वॉकर धरून जेमतेम बाथरूमपर्यंत जाणारं म्हातारं माणूस आहे आणि त्याला दिवसभर सोबत म्हणून टीव्ही हवाय, अशांसाठी लिहितेय. आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे बरंचसं लिखाण मिस्सा (चर्चमधली आमची मुख्य उपासना) आणि मरण ह्यांच्याभोवतीच फिरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या. गेल्या पावसाळ्यात ओटीवरून घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, ते नीट झालं पण पायऱ्या उतरणं बंद झालं. चर्च घरापासून चालत पाच-सात मिनिटं, आणि ही बाई लग्न होऊन आल्यापासून सकाळची मिस्सा न चुकवणारी, ताप असला तरी डोक्याला रुमाल बांधून जाणार. त्यांना खाटेवरून बघता येईल असा टीव्ही हवा म्हणून मार्चमध्ये राखेच्या बुधवारच्या आठवड्यात हा घेतला, त्या बुधवारी आमचा इस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो. उपवासकाळात कोण टीव्ही घेतं, असं नणंद कतारहून, दोह्यावरून बोललीच. सेल होता ताई, काय करणार. कंपनीचं नाव लिहीत नाही, मधल्या फळीतला ब्रँड आहे, पंचवीस हजारांच्या आत पडला, वॉल माऊंट आणि बसवणाऱ्याचे पैसे वेगळे.

पिक्चर चांगलं आहे. आवाजाचं मात्र आधीच सांगते, ह्या सगळ्या पातळ टीव्हींचा आवाज पाठीमागून भिंतीवर आपटून येतो, सिनेमाला चालतं, पण चर्चमधल्या मायकाचा आवाज मुळातच घुमणारा, त्यात हे, म्हणजे वाचन कुठलं आणि प्रवचन कुठलं तेच कळेना. सेटिंगमध्ये आवाज स्पष्ट करणारा एक मोड असतो तो लावा, आणि जमलं तर छोटा साऊंडबार घ्या, म्हाताऱ्या कानांना पिक्चरपेक्षा आवाज महत्त्वाचा. रिमोटमध्ये बोलून शोधायची सोय आहे, ती आईंनी पहिल्याच दिवशी वापरली, बटण दाबून "मिस्सा लाव" म्हणाल्या तर टीव्हीने कोल्हापुरी मिसळीच्या रेसिपी काढल्या. परत दाबलं तर मिस इंडिया. "मराठी पवित्र मिस्सा आजची" असं सावकाश सगळं म्हटलं की बरोबर येतं, आता त्यांना पाठ झालंय, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना म्हटल्यासारखं म्हणतात.

टीव्ही आला तेव्हा पोप फ्रान्सिस रोमच्या जेमेल्ली हॉस्पिटलात होते, १४ फेब्रुवारीला गेले होते, दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. रोज रात्री सेंट पीटर्स चौकात त्यांच्यासाठी रोजरी, म्हणजे माळेच्या मण्यांवरची प्रार्थना, व्हायची, आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड, म्हणून आम्ही सकाळी चहाबरोबर आदल्या रात्रीची रोजरी लावायचो. ६ मार्चला त्या रोजरीआधी त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला, हॉस्पिटलमधून, स्पॅनिशमध्ये, प्रार्थनेबद्दल आभार मानणारा. अर्धा मिनिट असेल नसेल. आईंना स्पॅनिशचं अक्षर कळत नाही, पण एक शब्द, मग दम, मग एक शब्द, हे त्यांना लगेच कळलं, सासरे शेवटच्या महिन्यात असेच बोलायचे. कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यांना ऑक्सिजन लावून बोलायला लावलं असणार." पुढे बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. हे मोबाईलवर ऐकलं असतं तर एवढं लागलं असतं की नाही, मला नाही वाटत. मोठ्या टीव्हीवर आवाज खोलीभर होतो, आजारी माणूस शेजारच्या खाटेवर असल्यासारखं वाटतं.

गंमत म्हणजे हा पोप स्वतः टीव्ही बघतच नव्हता. जुलै १९९० मध्ये त्यांनी कार्मेल मातेला, म्हणजे मारियामातेला, शब्द दिला होता की टीव्ही बघणार नाही, आणि तो पाळला, त्यांच्या लाडक्या सान लोरेन्झो क्लबच्या मॅचचे रिझल्ट त्यांचा एक रक्षक, स्विस गार्ड, त्यांना आणून द्यायचा. हे मी आईंना सांगितलं तर त्या जरा नाराज झाल्या, म्हणजे मी इथे बसून बघतेय ते काय पाप आहे काय. म्हटलं नाही हो आई, त्यांचे पाय चालत होते तेव्हा.

मग इस्टर. २० एप्रिलला दुपारी साडेतीनला आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो, फ्रान्सिस बाल्कनीत आले, एक-दोन वाक्यं बोलले, बाकी संदेश दुसऱ्याने वाचला, मग गाडीतून चौकात फिरलेसुद्धा. आशीर्वाद दिला तेव्हा आईंनी क्रूसाची खूण केली, टीव्हीवरून घेतलेला आशीर्वादही धरला जातो, चर्चनेच तसं सांगितलंय. दुसऱ्या दिवशी सोमवार, मी भांडी घासत होते, सव्वाएकच्या सुमारास मुलगा ओरडला. रोममध्ये सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी गेले, आपल्याकडे अकरा वाजून गेले होते. कार्डिनल (पोपखालोखालचे धर्मगुरू) फॅरेल पोपच्या राहत्या घरातून, सांता मार्तामधून, सांगत होते आणि आमच्या टीव्हीवर त्याच्याखाली कांद्याच्या भावाची पट्टी फिरत होती.

मराठी चॅनेल सोमवारी दुपारी चांगली चालली होती. एका ठिकाणी वाचताना पोप आणि आर्चबिशप ह्यांत घोळ होता, एकीकडे मागे लावलेलं संगीत भुताच्या सिरियलचं होतं, पण आपला पोप गेल्याची बातमी मराठीत एवढा वेळ ऐकायला मिळाली ह्याचंच आईंना अप्रूप. सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला तेव्हा तर त्यांनी फोन करून दोन-तीन ठिकाणी सांगितलं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत हे चालू होतं. आणि मंगळवारी संध्याकाळी पहलगाम आलं. २६ माणसं, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. त्या मिनिटापासून पोप चॅनेलांवरून गायब, आणि ते बरोबरच होतं, ह्यात माझी काही तक्रार नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा आजाराने जाणं आणि सुट्टीत बायकोमुलांसमोर गोळी लागून जाणं ह्यांची तुलना कशी करणार.

पण घरात एक विचित्र व्यवस्था सुरू झाली. न्यूज चॅनेल केबलवर, रोम नेटवर. मुलगा रिमोटने इकडून तिकडे करायचा. इकडे सेंट पीटर्समध्ये पोपच्या शवपेटीपुढून सरकणारी रांग, बटण दाबलं की डोंबिवलीच्या तिघांची अंत्ययात्रा, परत बटण, परत रांग. आई दोन्हीकडे रोजरीचा मणी सरकवतच होत्या. मुलगा म्हणाला, आजी आता न्यूज लागलीय, त्या म्हणाल्या, दिसतंय मला.

२६ तारखेचा पोपचा दफनविधी पूर्ण बघितला, दुपारी दीडला सुरू झाला. कार्डिनल रे, वय ९१, उभे राहून सगळं केलं ह्याचं आईंना जास्त कौतुक. मला आवडलेली गोष्ट वेगळी. पेटी रोममधल्याच सांता मारिया मॅजोरे चर्चला पोचली तेव्हा दारात पांढरी गुलाबं घेऊन गरीब, कैदी, निर्वासित अशी माणसं उभी होती, पेटी आत गेली आणि पुढचं चित्रण नाही, पुरणं खाजगीत. दिवसभर जगातले राजे-राष्ट्राध्यक्ष दाखवून झाल्यावर कॅमेरा दाराशी थांबला. अर्थात न्यूजवाल्यांनी दिवसभर काय दाखवलं तर ट्रम्प आणि झेलेन्स्की बॅसिलिकात दोन खुर्च्यांवर बसलेत तो फोटो. थडग्यावर फक्त फ्रान्सिस्कुस एवढंच नाव कोरलंय, हे मला खूप नंतर कळलं.

मे महिन्यातली ती रात्र तर टीव्ही घेतल्याचे पैसे वसूल म्हणावी की टीव्ही फेकून द्यावा म्हणावं अशी. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर, त्याच दिवशी संध्याकाळी रोममध्ये नवा पोप निवडायला १३३ कार्डिनल सिस्टिन चॅपेलमध्ये आत गेले. आपले चार होते, त्यात गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव, मुंबईचे ग्रेशियस मात्र ऐंशी पूर्ण झाल्यामुळे मतदानाला नाहीत. ८ तारखेला रात्री मुलगा मॅच बघत होता, धर्मशाळेची, मधेच दिवे गेले, मॅच थांबली, लोकांना बाहेर काढायला लागले. त्याने न्यूज लावली तर जम्मूवर ड्रोन, स्टुडिओत सायरन (स्टुडिओत सायरन कशाला वाजवतात हे मला आजपर्यंत समजलेलं नाही), कुणी म्हणतंय कराची बंदर उडवलं, जे सकाळी उठून बघितलं तर जागेवरच. आणि आई खाटेवरून सारख्या म्हणतायत, अरे धूर बघ, धूर बघ. साडेनऊ वाजून गेल्यावर लावला तर पांढरा धूर, म्हणजे पोप निवडला गेला! छपरावर समुद्रपक्ष्यांची जोडी आणि त्यांचं एक पिल्लू, चौकात लोक धावत सुटलेले. पुढचा तासभर आम्ही दोन जगांत होतो. नणंदेचा दोह्यावरून फोन, तुम्ही ठीक आहात ना, मुंबईवर काही नाही ना, आणि आई तिला सांगतायत, अगं नवीन पोप आले, टीव्ही लाव. अकराच्या आसपास लिओ चौदावे बाल्कनीत आले, शिकागोचे, पण कित्येक वर्षं पेरूत मिशनरी, आणि पहिलंच वाक्य, तुम्हां सर्वांस शांती असो. हे मिस्सेत बिशप म्हणतात तेच वाक्य, आयुष्यभर ऐकलेलं, उत्तर तोंडात तयार असतं. मी आणि आई दोघी एकदम म्हणालो, "आणि तुमच्याबरोबरही असो." मुलगा मोबाईलवर जम्मूच बघत होता. १० तारखेला शस्त्रसंधी झाली तेव्हा आईंचं मत की नवीन पोपनेच केलं. मी वाद घातला नाही, श्रेय घ्यायला तसेही बरेच जण रांगेत होते.

(जूनमध्ये २३ तारखेला रात्री कतारमधल्या अमेरिकेच्या तळावर इराणची क्षेपणास्त्रं गेली तेव्हा हेच सगळं उलटं झालं, नणंद तिकडे आणि आम्ही इकडे टीव्हीपुढे. त्यावर लिहीत बसत नाही.)

आता जरा सिरियलबद्दल, कारण दुपारी एक ते चार हा टीव्ही सिरियललाच असतो. मराठी सिरियलमध्ये फादर दिसला की समजायचं एक तर पळून जाऊन लग्न आहे नाहीतर भूत आहे. आणि तो फादर "माय चाइल्ड" करून मोडकं मराठी बोलणार. अहो, आमच्या वसईत मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, कबुलीजबाब मराठीत, भांडणं तर अस्सल मराठीत. आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरले, २०२४ च्या जुलैत गेले तेव्हा सगळी वसई हळहळली, त्यात हिंदू-मुसलमान सगळे. एवढं असून सिरियलवाल्यांना ख्रिस्ती माणूस म्हणजे टोपी, गिटार आणि बाटली. ह्याला टीव्हीचा दोष नाही, स्टार कापत नाहीये.

स्टार कापतेय ते जाहिरातींसाठी. आमच्याकडे कोविडपासून दफनविधी लाईव्ह दाखवायची पद्धत पडलीय, गल्फमध्ये, कॅनडात गेलेल्यांना बघता यावं म्हणून. फोटोग्राफर मंडळी पॅकेजच देतात, दोन कॅमेरे, हवा असेल तर ड्रोन. तर एका ओळखीच्यांचा दफनविधी लावलेला, फादर पेटीवर पवित्र पाणी शिंपडतायत आणि धाडकन रमीची जाहिरात. नाचणारा माणूस, हातात पत्ते, लाखो जिंका. आईंना वाटलं चॅनेल बदललं, त्या रिमोट शोधतायत, आणि जाहिरात संपेपर्यंत पेटी उचललेली. ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर कायद्याने बंदी आली, त्यानंतर रमी गेली, आता तिथे गुडघेदुखीचं तेल येतं. महिन्याचे पैसे भरून जाहिराती बंद करता येतात, ते आम्ही शेवटी केलं. तुमच्या घरी टीव्हीवर प्रार्थना चालणार असेल तर हा खर्च टीव्हीच्या किमतीत धरूनच चाला.

लाईव्हमधली दुसरी गोष्ट कुठलीच कंपनी सांगत नाही ती म्हणजे उशीर. नेटवरचं लाईव्ह हे खरं लाईव्ह नसतं, वीस-तीस सेकंद मागे असतं. रोमच्या बाबतीत काय फरक पडतो, कळतही नाही. पण पावसाळ्यात मागच्या आळीतल्या मावशी गेल्या, आईंच्या बालपणीच्या मैत्रीण, दोघी एकाच वर्षी पहिल्या कम्युनियनला (मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेतात तेव्हा). आईंना नेता येईना, पाऊस धो धो, खुर्चीत बसवून नेलं असतं पण वाट चिखलाची. म्हणून टीव्हीवर लावलं. आणि झालं असं की खिडकीतून चर्चची मरणाची घंटा ऐकू आली, खरी, आणि टीव्हीत मात्र अजून घरची माणसं पायऱ्या चढतायत. थोड्या वेळाने तीच घंटा टीव्हीत वाजली, बारीक, पत्र्याचा डबा वाजवल्यासारखी. मग परत खरी, परत टीव्हीतली. मावशींची प्रत्येक गोष्ट दोनदा होत होती. आई पाचेक मिनिटं सहन करून म्हणाल्या, "बंद कर गं ते, खिडकी उघड." खिडकी उघडली, पावसाचं पाणी खाटेपर्यंत यायला लागलं तर टॉवेल टाकला, आणि चर्चच्या लाऊडस्पीकरवरून जेवढं ऐकू येईल तेवढ्यावर त्यांनी विधी केला. संध्याकाळी मावशींच्या सुना घरी येऊन बसल्या, चहा-पाव झाला, रडणं झालं, कोणती साडी नेसवली ते सांगून झालं, तेव्हा कुठे आईंना मैत्रीण गेल्यासारखी वाटली असावी.

तेव्हापासून माझं ह्या टीव्हीबद्दल मत पक्कं झालंय. लांबचं मरण तो घरात आणतो, आणि ते चांगलंच करतो. गल्लीतल्या मरणाला त्याचा उपयोग नाही. १२ जूनला अहमदाबादचं विमान पडलं, आई त्या रात्री जेवल्या नाहीत, २६० माणसांपैकी एकालाही ओळखत नव्हत्या. जुलैच्या शेवटी दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टरना अटक झाली, मानवी तस्करी आणि धर्मांतराचा आरोप ठेवला, त्यावर चर्चा म्हणजे आठ चौकटीत आठ माणसं ओरडतायत, आमच्यासारख्यांना हे बघताना पोटात कसंतरी होतं हे शेजारच्यांना सांगूनही कळणार नाही. आईंचा एकच प्रश्न, कोठडीत त्यांना मिस्सा मिळत असेल काय. हा प्रश्न आठातल्या एकानेही विचारला नाही. २ ऑगस्टला जामीन झाला, तोपर्यंत चर्चा दुसरीकडे गेली होती.

मिस्सेचं विचाराल तर, टीव्हीवरची मिस्सा आजाऱ्याला चालते, त्याला रविवारचं बंधन तसंही नाही, पण कम्युनियन टीव्हीतून येत नाही. ते शुक्रवारी फादर घरी येऊन देतात, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आणि त्या दिवशी सकाळपासून टीव्ही बंद असतो, समोरच्या टेबलावर पांढरा कपडा, मेणबत्ती, फुलं. फादरांनी एकदा टीव्हीकडे बघून सांगितलं की टीव्हीची आश्रयदाती संत असीसीची क्लारा आहे, पायस बाराव्यांनी १९५८ मध्ये ठरवलं, कारण ती आजारी पडून नाताळच्या मिस्सेला जाऊ शकली नाही तेव्हा तिला खोलीच्या भिंतीवर सगळी मिस्सा दिसली म्हणे. आईंनी विचारलं, तिला जाहिराती दिसल्या का. फादर हसून हसून खुर्चीत बसले.

ह्या महिन्यात, नोव्हेंबर म्हणजे आमचा मृतांचा महिना, घरातल्या मृतांची नावं कागदावर लिहून चर्चमध्ये द्यायची असतात. दरवर्षी आई सांगतात, मी लिहिते, सासरे, त्यांचे आईवडील, दीर, लहानपणी गेलेली एक मुलगी. ह्या वर्षी मावशींचं नाव आलं, मग पोप फ्रान्सिस आले, मग म्हणाल्या लिही, पहलगामचे सगळे, मग विमानातले आणि ज्या होस्टेलवर पडलं तिथले. मुलगा म्हणाला, आजी ते आपले नव्हते, आणि कागदावर जागा कुठे आहे. त्या म्हणाल्या, मागच्या बाजूला लिही. लिहिलं. चर्चच्या ऑफिसात कागद दिला तेव्हा तिथल्या बाईंनी उलटून बघितला, परत सरळ केला आणि पेटीत टाकला.

आता तांत्रिक तक्रारी, पटकन. सप्टेंबरमध्ये एक अपडेट आला, त्यानंतर चालू व्हायला मिनिटभर घेतो आणि रिमोटचं बटण दाबल्यावर विचार करतो. मेमरी कमी आहे, नको ती ॲप काढून टाकली की बरं चालतो. उजव्या कडेला एक बारीक उभी रेघ आलीय, लाईट गेल्या-आल्यामुळे असेल, स्टॅबिलायझर पहिल्या दिवसापासून लावा. सर्व्हिसवाला आला, फोटो काढून गेला, पार्ट येईल म्हणाला, पार्ट अजून यायचाय. रेघ चॅनेलच्या लोगोवर पडते त्यामुळे आईंना दिसत नाही, आम्ही सांगितलेलंही नाही. हलत्या चित्राला गुळगुळीत करणारं सेटिंग मात्र नक्की बंद करा, त्याने खरा दफनविधीही सिरियलसारखा दिसतो.

घ्यावा का? म्हाताऱ्या माणसासाठी, हो. चार स्टार. वॉरंटी मार्चमध्ये संपतेय आणि पुढच्या दोन वर्षांची वाढवून घ्यायची की नाही ह्यावर घरात वाद चाललाय, आई म्हणतात कशाला पैसे घालवता, मी कुठे दोन वर्षं टिकतेय, आणि मुलगा म्हणतो आजी, वॉरंटी टीव्हीची आहे, तुझी नाही. नवऱ्याने अजून पैसे भरलेले नाहीत.